जीव भांड्यात पडतो, तिथेच चिंता मुक्काम करते: नवख्यांसाठी काही पायऱ्या

मराठीत चिंता डोक्यापेक्षा अंगात जास्त राहते. पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, छातीत धस्स होतं, हातपाय गळतात, जीव टांगणीला लागतो. हे वाक्प्रचार ज्यांनी घडवले त्यांना ॲड्रेनॅलिन हे धोक्याच्या वेळी रक्तात सुटणारं संप्रेरक ठाऊक नव्हतं, पण चिंता कुठे कुठे जाणवते हे मात्र नेमकं ठाऊक होतं. आणि संकट टळलं की आपण म्हणतो, जीव भांड्यात पडला. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते या शेवटच्या वाक्प्रचाराबद्दल. चिंता वर्षानुवर्षं का टिकते, याचं उत्तर बरंचसं तिथे दडलेलं आहे.

मी डॉक्टर नाही. अनेक वर्षं फोनची रिंग वाजली की माझ्या पोटात खड्डा पडायचा. पुढे उपचार घेतले, त्या निमित्ताने वाचलं, विचारलं, करून पाहिलं. ज्यांना हे सगळं नवीन आहे, ‘मला नक्की काय होतंय’ इथपासून ज्यांची सुरुवात आहे, त्यांच्यासाठी त्यातलं कामाचं तेवढं इथे मांडते आहे.

पहिली पायरी: जे होतंय त्याला नाव द्या

भीती समोरच्या गोष्टीची असते. अंगावर गाडी आली, आपण मागे सरलो, गाडी गेली, भीतीही गेली. काळजी शब्दांत चालते: निकाल काय लागेल, पैसे पुरतील का, तिने उत्तर का दिलं नाही. चिंता म्हणजे समोर काहीच घडत नसताना शरीर आणि मन दोघांनीही कंबर कसून बसणं. रोजच्या बोलण्यात या तिन्ही शब्दांची सरमिसळ होते आणि त्यात काही बिघडत नाही. पण स्वतःकडे पाहताना हा फरक उपयोगी पडतो, कारण भीतीला पळणं पुरतं, काळजीला कधी कधी उपाय सापडतो, चिंतेला मात्र यांपैकी कशानेच समाधान होत नाही.

‘काळजी’ या शब्दाची एक गंमत मला उपचारांदरम्यान उमगली. ‘काळजी करू नकोस’ आणि ‘काळजी घे’ या दोन्हींत शब्द एकच. त्यामुळे अनेकांच्या मनात खोलवर असं बसलेलं असतं की मी काळजी करते म्हणजेच मी माणसांची काळजी घेते. ती थांबवली तर मी बेफिकीर ठरेन, आणि नेमकं तेव्हाच काहीतरी वाईट होईल. चिंता कमी व्हावी असं आपल्याला वाटत असतं आणि त्याच वेळी ती सोडायची धास्तीही वाटत असते. तुमच्या बाबतीत असं आहे का, हे आत्ताच स्वतःला विचारून ठेवा. काळजी करणं हे डोक्यात चालतं, काळजी घेणं हातांनी होतं: औषध आणून देणं, भेटायला जाणं, चार शब्द विचारणं. रात्री दोन वाजता छताकडे बघत केलेल्या विचारांनी कुणाचीच काळजी घेतली जात नाही.

थोडीफार चिंता प्रत्येकाला वाटते आणि ती कामाचीही असते. तिला विकार कधी म्हणायचं? तीन गोष्टी बघतात: ती किती काळ आहे, कारणाच्या मानाने किती मोठी आहे, आणि तिच्यामुळे आयुष्यातलं काय काय अडलं आहे. सतत सगळ्याच गोष्टींची चिंता वाटण्याच्या विकारासाठी साधारण सहा महिने, त्यातले बहुतेक दिवस, हा निकष डॉक्टर लावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात ३० कोटींहून अधिक लोक कोणत्या ना कोणत्या चिंताविकारासह जगत होते. ‘मलाच असं का होतं’ या प्रश्नाने रात्र काढणाऱ्याला हा आकडा माहीत असावा, म्हणून तो इथे दिला.

दुसरी पायरी: शरीराची भाषा समजून घ्या

वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमारास धोक्याच्या वेळी शरीर काय करतं याचं वर्णन केलं: लढा किंवा पळा. मेंदूला धोका दिसला की ॲड्रेनॅलिन सुटतं. हातापायांच्या मोठ्या स्नायूंना रक्त हवं असतं म्हणून हृदय जोरात चालतं. जास्त प्राणवायू हवा म्हणून श्वास भरभर होतो. पळायच्या वेळी पचनाची गरज नसते, म्हणून पोट ढवळतं आणि तोंड सुकतं. अंग तापणार म्हणून घाम आधीच सुटतो. कातडीकडचं रक्त आत वळतं, त्यामुळे हात गार पडतात. ही सगळी लक्षणं एकदा या नजरेने पाहिली की ती बिघाडाची न वाटता तयारीची वाटू लागतात. तयारी खरी असते, फक्त प्रसंग चुकलेला असतो.

मुंग्या येणं आणि डोकं हलकं होणं लोकांना सर्वांत जास्त घाबरवतं. भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. त्यामुळे बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं, आणि हवा पुरत नाही असं वाटतं. मग माणूस आणखी मोठा श्वास ओढतो आणि सगळं वाढतं. उपाय उलटा आहे: श्वास सावकाश आणि कमी घ्यायचा, सोडायला जास्त वेळ द्यायचा.

पॅनिक अटॅक म्हणजे हीच लाट फार वेगाने उसळणं. ती काही मिनिटांत, बहुधा दहाच्या आत, शिखरावर पोचते आणि मग ओसरू लागते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये याचं जे स्पष्टीकरण दिलं ते मला आजही सर्वांत पटतं: शरीरातल्या एखाद्या साध्या संवेदनेचा आपण भयंकर अर्थ लावतो, त्या अर्थाने घाबरतो, घाबरल्यामुळे संवेदना वाढते, आणि वाढलेली संवेदना त्या अर्थाचा पुरावा वाटू लागते. धडधड म्हणजे हृदयविकार, गरगरणं म्हणजे शुद्ध हरपणार, सुन्नपणा म्हणजे वेड लागणार. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

मात्र एक गोष्ट आधी करा. छातीत दुखणं, धाप, चक्कर असं पहिल्यांदा होत असेल तर ‘चिंताच असेल’ असं घरबसल्या ठरवू नका. ताबडतोब तपासून घ्या. थायरॉइड जास्त काम करत असेल, रक्त कमी असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, दम्याचं एखादं औषध चालू असेल, तरी अगदी अशीच लक्षणं दिसू शकतात. एकदा नीट तपासणी झाली की मात्र तीच तपासणी पुन्हा पुन्हा करत राहू नका. का, ते चौथ्या पायरीवर येईल.

तिसरी पायरी: दोन आठवडे नोंद ठेवा

चिंता चाळवणाऱ्या गोष्टींना इंग्रजीतून आलेला ‘ट्रिगर’ हा शब्द आता रुळला आहे. मला त्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात: ठिणगी आणि वाळलेलं गवत. ठिणगी म्हणजे तो क्षण: साहेबांचा ‘जरा भेटा’ असा निरोप, गर्दीची लिफ्ट, अनोळखी नंबर, कुणाच्या आजारपणाची बातमी. वाळलेलं गवत म्हणजे त्या दिवशीची तुमची अवस्था: झोप किती झाली, पोट रिकामं आहे का, चहा-कॉफी किती झाली, आदल्या रात्री दारू घेतली होती का, पाळी जवळ आली आहे का. तीच ठिणगी ओल्या गवतावर विझते. लोक ठिणग्या मोजत बसतात आणि गवताकडे बघतच नाहीत.

ठिणगी नेहमी बाहेरचीच असते असंही नाही. जिना चढल्यावर वाढलेले ठोके, एक जुना वास, मनात सहज डोकावलेलं एक चित्र, एवढंही पुरतं. म्हणून ‘काहीच कारण नसताना झालं’ असं लोक सांगतात. कारण असतं, पण ते इतकं बारीक आणि इतकं आतलं असतं की निसटून जातं. ते पकडण्यासाठी वही लागते. मोबाइलही चालेल, पण हाताने लिहिताना मन थोडं सावकाश होतं असा माझा अनुभव आहे.

प्रत्येक वेळी पाच गोष्टी लिहा: काय घडलं, अंगात काय झालं, मनात कोणतं वाक्य आलं, मी काय केलं, आणि त्यानंतर कसं वाटलं. माझ्या वहीतली एक नोंद साधारण अशी होती. अनोळखी नंबरचा फोन. पोटात खड्डा, हात गार. मनात: ‘काहीतरी वाईट कळणार.’ फोन वाजू दिला, उचलला नाही. लगेच हायसं वाटलं. दहा मिनिटांनी कुणाचा असेल या विचाराने पुन्हा सुरू, संध्याकाळपर्यंत.

मनातलं वाक्य जसंच्या तसं लिहा, सुधारून नको. ‘मला टेन्शन आलं’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘माझं चुकलं तर सगळे हसतील आणि मला कामावरून काढतील’ हे वाक्य सोन्यासारखं आहे, कारण ते तपासून पाहता येतं. लगेच वाद घालू नका, आधी फक्त पकडा. चौदा दिवसांनी वही वाचली की वाक्यं फार थोडी निघतात, दोन किंवा तीन, वेगवेगळे कपडे घालून येणारी.

गवताचा एक तपशील सांगते. प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. दुपारी चारची कॉफी रात्री नऊला अर्धी अंगात असते. धडधड आणि हातांची थरथर ती स्वतःच निर्माण करू शकते, झोप मोडते, आणि दुसऱ्या दिवशीचं गवत आणखी वाळतं. दारूचं उलट: घेताना शांत वाटतं, उतरताना चिंता व्याजासकट परत येते. दोन आठवडे यांचं प्रमाण कमी करून बघणं हा सर्वांत सोपा प्रयोग आहे. कॉफी मात्र हळूहळू कमी करा, एकदम सोडली तर डोकं दुखतं.

चौथी पायरी: हायसं वाटण्याचा हिशेब मांडा

आता वहीतली चौथी आणि पाचवी गोष्ट बघा. मी काय केलं, आणि नंतर कसं वाटलं.

फोन उचलला नाही, जीव भांड्यात पडला. सभेत बोललो नाही, सुटलो. लिफ्ट टाळून जिना घेतला, बरं वाटलं. मेंदू यातून काय शिकतो? ‘धोका होता, टाळला म्हणून वाचलो.’ तो धोका मुळात होता का, हे तपासण्याची संधीच त्याला मिळत नाही. पुढच्या वेळी घंटा आणखी लवकर, आणखी मोठ्याने वाजते. ते हायसं वाटणं हे टाळण्याला मिळालेलं बक्षीस असतं, आणि ज्याला बक्षीस मिळतं ते वर्तन वाढतं. मानसशास्त्रज्ञ होबार्ट मॉवरर यांनी १९४७ मध्येच भीती टिकून राहण्याची ही रीत मांडली होती. मला ती कळली तेव्हा माझ्या अनेक वर्षांचा उलगडा एका संध्याकाळी झाला.

टाळणं उघड असतं तसं छुपंही असतं, आणि छुपं जास्त चिवट. सभेला जायचं पण मागच्या रांगेत दाराजवळ बसायचं. बाहेर पडायचं पण सोबत कुणीतरी हवंच. पाण्याची बाटली आणि गोळी खिशात असल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. ईमेल पाठवण्याआधी नऊ वेळा वाचायचा. नाडी तपासत राहायचं. लक्षणं इंटरनेटवर शोधायची. घरच्यांना विचारायचं, ‘काही होणार नाही ना?’, ते म्हणतात ‘नाही गं’, आणि तासाभराने पुन्हा तेच. या सगळ्या कुबड्या आहेत. दिवस निभावला की श्रेय कुबडीला जातं, पायांना नाही.

विचार दाबणं हीसुद्धा एक कुबडीच. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ च्या प्रयोगात लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं, आणि पुढे विचार करायची मोकळीक दिल्यावर आणखी जोरात आलं. ‘मनात आणूच नकोस’ हा सल्ला म्हणूनच फसतो. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, तरीही फसतो.

वहीत तुमच्या कुबड्यांखाली रेघ मारा. आज एकही सोडू नका. नुसत्या रेघा मारा, कारण अनेक कुबड्या आपल्याला ‘माझा स्वभाव’ वाटत असतात.

पाचवी पायरी: एकेक पायरी चढा

ज्या गोष्टीने चिंता वाटते तिच्याकडे थोडं थोडं करून जायचं, ही कल्पना मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५० च्या दशकात उपचार म्हणून मांडली. त्यानंतर तिचे तपशील पुष्कळ बदलले, पण गाभा आजही तोच आहे.

एकच विषय निवडा. त्यातले प्रसंग ० ते १०० चिंतेच्या अंदाजाने खालून वर लिहा. माझी यादी अशी होती: मैत्रिणीला ठरवून फोन करणं, २०. दुकानाला फोन करून वेळ विचारणं, ३५. न ठरवता नातेवाइकांना फोन, ५०. अनोळखी नंबर उचलणं, ७०. ऑफिसातल्या सगळ्यांसमोर फोनवर कठीण बोलणं करणं, ९०. तीस-चाळीसच्या आसपास सुरुवात करा. अगदी सोप्यातून काही शिकायला मिळत नाही, अवघडात पाय मागे येतो.

करण्याआधी एक ओळ लिहा: मला काय होईल असं वाटतं? ‘मी अडखळेन आणि पलीकडचा माणूस चिडेल.’ मग करा, कुबडीशिवाय. नंतर दुसरी ओळ: प्रत्यक्षात काय झालं? मी खरंच अडखळले होते. पलीकडचा माणूस चिडला नाही. त्याने प्रश्न पुन्हा विचारला, इतकंच. चिंता शून्यावर यायची वाट बघू नका, तो परीक्षेचा निकाल नव्हेच. अंदाज आणि घडलेलं यांत अंतर किती, हे बघायचं असतं. आणि एकदा करून थांबायचं नाही. आठवड्यात चार-पाच वेळा, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी.

वाईट दिवस येतात. चढलेल्या दोन पायऱ्या उतरल्यासारखं वाटतं. त्या दिवशी खालची पायरी करा, पण काहीतरी करा. एक अपवाद महत्त्वाचा आहे: मोठा आघात, अत्याचार, अपघात यांच्या आठवणींशी हे एकट्याने करू नये. तिथे प्रशिक्षित माणूस सोबत हवाच. आणि जिथे धोका खरा आहे, म्हणजे मारझोड करणारा माणूस किंवा छळाची नोकरी, तिथे चिंता बरोबर सांगते आहे; तिथे सराव करायचा तो सुरक्षित बाहेर पडण्याचा.

सहावी पायरी: काळजीला वेळ ठरवून द्या

दिवसभर मागे लागणाऱ्या काळज्यांसाठी रोज वीस ते तीस मिनिटं राखून ठेवा, झोपेच्या बरीच आधी. इतर वेळी काळजी आली की एका ओळीत लिहून ठेवा आणि तिला सांगा, साडेपाचला बोलू. साडेपाचला खरंच बसा. यादीतल्या प्रत्येक ओळीला विचारा: यात मी आज हाताने काही करू शकते का? करता येत असेल तर पुढचं छोटं काम आणि त्याची वेळ लिहा. नसेल, नुसतं ‘जर तसं झालं तर’ असेल, तर ती अनिश्चितता आहे आणि तिला उत्तर नसतं हे मान्य करून पुढच्या ओळीकडे जा. पहिला आठवडा हे कृत्रिम वाटेल. साडेपाचपर्यंत अर्ध्या ओळी शिळ्या झालेल्या असतात, हे दुसऱ्या आठवड्यात दिसू लागतं.

श्वासाबद्दल थोडक्यात: मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, नाकाने, सोडताना लांबवून, रोज पाच-दहा मिनिटं, बरं वाटत असताना. दर वेळी पॅनिक थोपवण्याचं हत्यार म्हणून वापरलात तर तीही कुबडी होते. नियमित चालणं-पळणं, झोपेची आणि उठण्याची ठरलेली वेळ, यांनी गवत ओलं राहतं.

सातवी पायरी: मदत मागा

चिंतेमुळे काम, शिक्षण, नाती किंवा झोप आठवडेच्या आठवडे अडत असेल तर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषध देऊ शकतात. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात. कित्येकांना दोन्ही लागतात. चिंतेवर भरपूर अभ्यास झालेली उपचारपद्धत म्हणजे सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी पद्धत; वरच्या बऱ्याच पायऱ्या तिच्यातूनच आल्या आहेत. पहिल्या भेटीत कदाचित जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची यादी भरायला देतील: गेल्या दोन आठवड्यांत काय काय आणि किती वेळा झालं. गुण ० ते २१, आणि १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी करतात. तेवढ्यावरून निदान होत नाही.

औषधांची भीती पुष्कळांना वाटते. चिंता आणि नैराश्य यांवर नेहमी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढूही शकते, हे आधी माहीत असलं की लोक आठव्या दिवशी गोळी टाकून देत नाहीत. ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करतात. झटपट शांत करणाऱ्या बेंझोडायझेपिन गोळ्यांची मात्र सवय लागू शकते, म्हणून त्या डॉक्टर शक्यतो थोडे दिवसच देतात. दुसऱ्या कुणाची गोळी घेऊ नका.

जगणं नको वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर वही, पायऱ्या सगळं बाजूला ठेवा. त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका, रुग्णालयात किंवा तातडीच्या मदत क्रमांकावर पोचा.

भेटीला जाताना वही घेऊन जा. ‘काय होतंय?’ या प्रश्नापुढे घसा दाटून आला तर ती पुढे करता येते. मी तेच केलं होतं.

आणि हे वाचणारे तुम्ही स्वतः चिंतेत नसाल, घरातलं कुणी असेल, तर दोन शब्द तुमच्यासाठी. ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणू नका; तिने ते स्वतःला हजारदा सांगून झालेलं असतं. तिच्या वतीने फोन करणं, तिच्या जागी समारंभाला जाणं हे प्रेमापोटी होतं, पण तेही टाळण्याच्या खात्यात जमा होतं. ते एकदम बंद करू नका, तिच्याशी बोलून ठरवा. माझ्या पहिल्या फोनच्या वेळी माझा भाऊ शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसला होता. नंबर मीच लावला.